बैलाच्या पाठीचं भोक

पोळा तोंडावर आलेला. इंदापूर तालुक्यातल्या एका कुंभाराच्या अंगणात आबांनी नातवाला फळीवरचे कच्चे बैल निवडायला बसवलं. धड असेल तो पाटीत, शिंग मोडलेला किंवा तडकलेला हौदात. भिजला की पुन्हा चिखल, म्हणजे वाया काहीच जात नाही.

फळीच्या कडेला एक बैल होता, पाठीत भोक पडलेला. शेजारी मातीची एक बाई. तिला मुंडकंच नाही, वर पोटातही भोक. आबांना दिसेनासं झालंय, असं समजून पोरानं दोन्ही हौदात टाकली.

दुपारी बारामतीच्या कॉलेजातल्या मॅडम आल्या. प्रदर्शनासाठी ती जोडी त्यांनीच सांगून घडवून घेतली होती. आबांनी हौदाकडं बघितलं, पोरानं जमिनीकडं.

मॅडम रागावल्या नाहीत. (शिकवणाऱ्याला असा चुकलेला पोरगा आयताच हवा असतो.) त्यांनी फोटो दाखवला. "शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. घोडचंच पाणी भीमेतून तुमच्या उजनी धरणात येतं. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी, मातीच्या दोन बायका आणि हा बैल सापडला. सगळं कच्च्या मातीचं, ३,००० वर्षांहून जुनं."

"हिचं मुंडकं मोडलं आसंल."

"मोडलं नाही, घडवलीच तशी. आणि भोकं बघ. बैलाच्या पाठीत काडी रोवायची, वरचं टोक हिच्या पोटात. बसली की नाही देवी बैलावर? मेक्सिकोतही मातीची जुनी कुत्री सापडली, त्यांच्या पायांत अशीच भोकं. काडी घालून चाकं लावली की कुत्रं चालायला लागतं."

आबांनी बसल्या बसल्या दुसरी जोडी वळली. मधली काडी पोरानंच तासली.

त्या दिवसापासून निवडानिवड संपेना. कान तुटलेला बैल उचलला की, "आबा, ह्यो मुद्दाम आसा केलाय?" वशिंड खचलेला उचलला की, "ह्येच्यावर काय बसणार हाय?" आबांनी एकाही प्रश्नाला नाही म्हटलं नाही, हातातलं काम थांबवून बघून सांगितलं. शेवटी तीन पायांचा बैल पुढं आला.

"टाक हौदात."

"पर आबा, कशावरनं?"

"सकाळी माझ्याच हातनं पडला त्यो."