संयमालाही रविवार असतो

मनुष्य एखादे व्रत घेतो, तेव्हा ते अखंड पाळण्यातच त्याची थोरवी आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. खंड पडला की व्रत मोडले. ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, आहारनियमनासारख्या शारीरिक गोष्टीलाही आपण तिचीच फूटपट्टी लावतो. वजन, साखर आणि रक्तदाब हे आज आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत बोलण्याचे विषय झाले आहेत. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेले असते. घरधनी भात सोडतो, गृहिणी गोड सोडते, कॉलेजात जाणारी मुलगी तर रात्रीचे जेवणच सोडते. आणि मग कुणाचे लग्न येते, बाप्तिस्मा येतो, धर्मग्रामाचा सण येतो. ताट वाढले जाते. खावे तर मन खाते, न खावे तर यजमान दुखावतो. प्रश्न ताटापुरता दिसतो खरा. परंतु आमच्या मते तो नीतिशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. शिस्तीतून घेतलेली सुट्टी हा शिस्तीचा भंग, की शिस्तीचाच एक भाग?

आहारशास्त्राच्या अभ्यासकांनी अलीकडे या प्रश्नाला एक व्यावहारिक रूप दिले आहे. काही आठवडे कमी खायचे. नंतर एक-दोन आठवडे शरीराला जेवढे लागते तेवढे खायचे, त्याहून अधिक नव्हे. आणि मग पुन्हा कमी खाण्याकडे वळायचे. चालणे-फिरणे आणि अंगमेहनत मात्र दोन्ही काळांत चालू ठेवायची. याला ते 'डाएट ब्रेक' म्हणतात. आपण त्याला 'ठरवून घेतलेला विसावा' म्हणू. प्रथम ऐकणाऱ्याला ही पळवाट वाटते. आमच्यासारख्या, सेमिनरीच्या घंटेवर वाढलेल्या माणसाला तर ती हमखास पळवाट वाटावी. तथापि निकाल देण्यापूर्वी शरीराची आणि मनाची साक्ष ऐकून घेणे न्यायाचे ठरेल.

शरीराची साक्ष देणारा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी तो सुरू केला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले ३६ तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या लोकांना सावरावे कसे, हे जाणून घेणे हा हेतू होता. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या सुमारे निम्मा आहार देण्यात आला आणि चालण्याचा व्यायामही ठेवण्यात आला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले; पण त्याबरोबर नाडी मंदावली, थंडी सोसेना, मने उदास आणि चिडखोर झाली. अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. बंधन सुटल्यावर कित्येकांनी अफाट खाल्ले, तरी पोट भरल्याचे समाधान त्यांना मिळेना. हे तरुण दुबळ्या मनाचे नव्हते. साऱ्या देशाचा रोष पत्करून ते आपल्या तत्त्वाला चिकटून राहिले होते. तरीही भुकेने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. अन्न कमी पडले की शरीर आपला खर्च आखडते आणि भूक वाढवते. तो शरीराचा दुष्टपणा नसून, दुष्काळात जीव जगवण्यासाठी निर्मात्याने त्याला दिलेले शहाणपण आहे.

मग विसाव्याने काय साधते? २००३ साली विंग आणि जेफरी या अमेरिकन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी करणाऱ्यांना मध्येच थांबवले तर त्यांची घडी कशी विस्कटते, हे त्यांना पाहायचे होते. परंतु घडी फारशी विस्कटलीच नाही. ज्यांना मध्ये सहा आठवड्यांची सुट्टी दिली होती, त्यांचेही वजन अखेरीस इतरांइतकेच उतरले. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात स्थूल पुरुषांचे दोन गट केले होते. एकाने सलग सोळा आठवडे कमी खाल्ले. दुसऱ्याने तेवढेच आठवडे, पण दोन आठवडे आहार आणि दोन आठवडे विसावा अशा क्रमाने. पहिल्या गटाचे वजन सरासरी ९ किलोंनी, तर दुसऱ्याचे १४ किलोंनी उतरले. अर्थात दुसऱ्या गटाला एकूण तीस आठवडे लागले. २०२१ साली, नियमित व्यायाम करणाऱ्यांवर झालेल्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मात्र विसाव्यामुळे चरबी अधिक घटली नाही. भूक तेवढी कमी जाणवली. तेव्हा विसावा म्हणजे काही जादूची कांडी नव्हे. पण विसावा घेतला म्हणजे सारे बुडाले, ही भीतीही खरी नाही.

मनाची साक्ष याहून बोलकी आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजले आणि नंतर आइस्क्रीमची चव पाहण्यास सांगितले. ज्यांना खाण्यावर बंधन घालण्याची सवय नव्हती, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. परंतु ज्या सदोदित मन मारून खात असत, त्यांनी उलट अधिक खाल्ले. नियम मोडलाच आहे, आता काय राहिले, असा विचार बांध फोडतो. आध्यात्मिक जीवनात ज्याने मार्गदर्शन केले आहे, त्याला ही अवस्था नवीन नाही. पहिल्या पडण्यापेक्षा, 'आता उठून काय उपयोग?' ही निराशा माणसाला अधिक खोल नेते. ज्या नियमात श्वास घ्यायलाही जागा नसते, तो नियम स्वतःच या निराशेची तयारी करून ठेवतो.

आता ख्रिस्तसभेच्या परंपरेकडे पाहू. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. तरीही आपण उपवासाचे दिवस चाळीसच म्हणतो, कारण मधले सहा रविवार उपवासात धरलेले नाहीत. रविवार उपवासकाळातलाच असतो, पण तो उपवासाचा दिवस नसतो. चौथ्या शतकातील गँग्रा येथील धर्मपरिषदेने तर वैराग्याच्या नावाखाली रविवारी उपवास करणाऱ्यांचा स्पष्ट निषेध केला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार शुक्रवारी एखादा महोत्सव आला, तर त्या दिवशी मांसवर्ज्याचे बंधन उरत नाही. हे सारे कुणा आळशाच्या सोयीसाठी ठरलेले नाही. उपवास हा पुनरुत्थानाच्या आनंदासाठी आहे. आनंद विसरलेला उपवास आपले कारणच विसरतो, ही श्रद्धा त्यामागे आहे.

संत थॉमस अक्विनस यांनी याच अर्थाची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान प्रेषित आपल्या शिष्यांसह विरंगुळ्यात बसलेले पाहून कुणी नाक मुरडले. त्याच्या हातात धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, हे असेच न थांबता करता येईल का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो डावलून चालणार नाही. आज आहारातून सुट्टी घेतली, तर उद्या सत्यातून घ्यावी काय? परवा वैवाहिक निष्ठेतून? या आक्षेपाला नीतिशास्त्राने फार पूर्वी उत्तर दिले आहे. 'खोटे बोलू नये', 'व्यभिचार करू नये' या निषेधात्मक आज्ञा प्रत्येक क्षणी बंधनकारक असतात. त्यांना सुट्टी नाही. 'प्रार्थना करावी', 'उपवास करावा' या विधायक आज्ञा सदैव लागू असतात, पण प्रत्येक क्षणी नव्हे. त्यांना त्यांची वेळ असते. आहारनियमन या दुसऱ्या प्रकारात मोडते. ते साधन आहे, सद्गुण नव्हे. मिताहार हा सद्गुण, आणि विसाव्याच्या दिवशीही तो सोबत असतोच. कमी खाण्याला सुट्टी मिळते, मिताहाराला नाही. हा भेद ज्याला कळला, तो लग्नघरी दोन घास गोडाचे खाऊनही व्रतस्थ राहतो. ज्याला तो कळला नाही, तो काकडीच्या फोडी खातानाही हावरा असू शकतो. संत ग्रेगरी द ग्रेट यांनी खादाडपणाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत फार खाणे हा केवळ एक आहे. वेळेआधी खाणे, अधाशीपणे खाणे, महागड्याचा हट्ट धरणे आणि अन्नाचे अति चोचले करणे हे बाकीचे चार. अष्टौप्रहर कॅलरी मोजत बसणारे मनही शेवटी अन्नाभोवतीच फिरत असते.

एक अपवाद येथे ठामपणे सांगितला पाहिजे. आपल्याकडे काही बांधव उपवासकाळात दारू सोडतात आणि ईस्टरच्या रात्री चाळीस दिवसांचे उट्टे काढतात. त्यांनी या लेखाचा आधार घेऊ नये. दारूच्या आहारी गेलेल्याला विसाव्याचा एक पेलाही विनाशाकडे नेतो. त्याला पूर्ण वर्ज्यच हवे. अन्नाचे तसे नाही. अन्न सोडून माणूस जगत नाही. जे आयुष्यभर दिवसातून दोन-तीन वेळा समोर येणारच, त्याच्याशी शत्रुत्व धरून भागत नाही. त्याच्याशी नीट वागायला शिकावे लागते. विसाव्याचे दिवस ही त्या शिकण्याची शाळा आहे.

तरीही नुसते ताट पाहून हा प्रश्न सुटणार नाही. हातांकडेही पाहावे लागेल. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांना दिवसाचे अन्न मोजून दिले. पण काम जड असेल तर मठाधिपतीने त्यात भर घालावी, अशी मुभाही त्याच नियमात ठेवली. अन्नाचे माप श्रमाशी जोडलेले होते. आपल्या वसईच्या पट्ट्यात आजोबांच्या पिढीला आहारतज्ज्ञ ठाऊक नव्हता. वाडीतली खणणी, रहाटाच्या पाण्याच्या पाळ्या, केळीची लोंगरे वाहणे, भाजीच्या पाट्या घेऊन पहाटेची गाडी गाठणे, यांत भाकरीचा हिशेब आपोआप चुकता होई. एरवी साधे जेवण आणि सणाला भरले ताट, असा त्यांच्या खाण्याला एक ताल होता. आज वाड्या गेल्या, इमारती आल्या. श्रम संपले, पण सणाचे ताट रोजचे झाले. आपण विसावा गमावला, कारण रोजच विसावा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. सकाळच्या मिस्साला गाडी न काढता पायी जाण्याने त्याची सुरुवात होऊ शकते. आहारातून सुट्टी घेतलेल्या दिवसांतही चालण्याला सुट्टी देऊ नये. कारण त्या चालण्यानेच परतीची वाट ओळखीची राहते.

तर मग खरा विसावा आणि साधी घसरण यांतील फरक ओळखावा कसा? आम्हांस तीन खुणा दिसतात. पहिली, तो आधी ठरलेला असावा. ताट समोर आल्यावर जी सुट्टी सुचते, ती बुद्धीने नव्हे, जिभेने दिलेली असते. दुसरी, त्याला आरंभ असतो तसाच शेवटही असावा आणि त्याच्या आतही माप असावे; सणाच्या दिवशी मेजवानी असते, दुसऱ्या दिवशी उरलेसुरले संपवण्याची नवी मेजवानी नसते. तिसरी, त्यात कृतज्ञता असावी. जे आभार मानून आणि चारचौघांत बसून खाता येते, ते सहसा आपल्याला गुलाम करीत नाही. लपून, उभ्याने, कपाटाच्या आड जे खाल्ले जाते, त्याची तेवढी चिंता करावी.

संत फ्रान्सिस यांची एक आठवण या संदर्भात फार मोलाची आहे. मध्यरात्री एक बंधू उपासाने व्याकूळ होऊन, मी मरतो, असे ओरडला. फ्रान्सिस यांनी त्याला उपदेश केला नाही. त्यांनी अन्न मांडायला लावले आणि त्या बंधूला एकट्याने खाण्याची लाज वाटू नये म्हणून स्वतः त्याच्यासोबत जेवायला बसले. इतर बंधूंनाही बसवले. मग सर्वांना सांगितले की, प्रत्येकाने आपल्या प्रकृतीचे मान ओळखावे. स्वतःशी अत्यंत कठोर असणाऱ्या त्या संताने दुसऱ्याच्या भुकेपुढे आपला उपवास बाजूला ठेवला, कारण उपवासाहून प्रीती मोठी आहे हे ते जाणत होते.

ही प्रीती यजमानांनीही दाखवावी. 'माझ्यासाठी एक तरी' म्हणत मधुमेही पाहुण्याच्या ताटात बळेच वाढणे हा आदर नव्हे. ज्यांना इन्सुलिन किंवा साखरेची औषधे चालू आहेत, त्यांनी आहारातील कोणताही चढउतार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. आणि घरातील एखादी मुलगी आरशापुढे रडत जेवण टाळू लागली, तर आईवडिलांनी तिला हट्टी समजून रागावू नये. वेळीच वैद्यकीय मदत घ्यावी. तिच्यापुढील प्रश्न वजनाचा राहिलेला नसतो.

नहेम्याच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. नियमशास्त्र ऐकून लोक रडू लागले, तेव्हा त्यांना रडणे थांबवून गोडधोड खाण्यास सांगण्यात आले. आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही, त्यांना वाटा पाठवण्यासही बजावण्यात आले. पवित्र दिवस कसा पाळावा, हे त्यात पुरते आले. कमी खाल्ल्याच्या दिवसांत जे वाचले, ते कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोचावे; आणि विसाव्याच्या दिवशी जे शिजले, त्यालाही शेजारचे एखादे ताट असावे. असा रविवार ज्याच्या घरी साजरा होतो, त्याला सोमवारी पुन्हा नियमाकडे वळणे जड जाणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो.