दहा नग

आत्याने चष्मा पुसला आणि अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या तिच्या घरात रात्रीची जेवणं उरकली होती, पण ताटं अजून उचलली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा रायपूरला अरण्य भवनात जाऊन मला तो अर्ज द्यायचा होता. मजकूर थोडकाच होता: बस्तरमधल्या कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातल्या कुटुमसर गुहेतून अभ्यासासाठी मासे घेण्याची परवानगी मिळावी. मी पुण्यात गोड्या पाण्यातल्या माशांवर काम करते. आत्याने इथल्याच एका कॉलेजात आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं.

नगांच्या रकान्यावर तिचं बोट थांबलं.

"दहा का?"

"कमीत कमी तेवढे तरी लागतात. गुहेतल्या प्रत्येक माशाचे डोळे वेगळे. एका माशावरून जात ठरवली तर कोण मान्य करेल?"

"ते मला नको सांगूस. काहींचे डोळे बाहेरच्या माशांसारखे, काहींचे मोहरीएवढे, काहींना दिसतच नाहीत. मी बघितलेत. मी विचारतेय, दहा कशावरून? नऊ का नाहीत?"

मला उत्तर देता येईना. दहा हा आकडा मी सवयीने लिहिला होता.

या माशाची गोष्ट पुण्यापासून सुरू होते. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८७२ साली पुण्याच्या एका लहानशा माशाचं वर्णन केलं आणि एव्हेझार्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्यावरून त्याचं नाव ठेवलं: एव्हेझार्डी. बोटापेक्षा लहान, तळाशी दगडांत राहणारा, तोंडाशी मिशा असलेला मासा. पुढे बस्तरच्या चुनखडीच्या गुहेत अंधारात राहणारे, रंग उडालेले, डोळे झिजत गेलेले मासे सापडले. त्यांनाही हेच नाव दिलं गेलं. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या संशोधकांनी बाहेरच्या ओढ्यांतले आणि गुहेतले मासे शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या दिवसरात्रीच्या लयीचा अभ्यास केला. जिथे दिवस उगवतच नाही तिथल्या जिवाला वेळ कशी कळते, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो प्रश्न फार सुंदर वाटतो. पण त्या कामातही माशाचं नाव पुण्याचंच होतं.

"हेच मला खटकतं," मी आत्याला म्हटलं. "पुण्याचं पाणी मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत जातं. कांगेर नदी कोलाबला मिळते, तीच पुढे शबरी होते आणि गोदावरीत जाते. दोन वेगळी खोरी, मधे केवढं अंतर, वर गुहा. आणि नाव एक. लाल यादीत एव्हेझार्डी हा सगळीकडे आढळणारा, चिंतेचं कारण नसलेला मासा आहे. उद्या कुटुमसरमधला शेवटचा मासा मेला तरी एव्हेझार्डी कागदोपत्री सुखरूपच राहील. जे वेगळं म्हणून नोंदलेलं नाही, ते गेलं तरी गेल्याची नोंद होत नाही."

"बरं. तू वेगळं नाव दिलंस. पुढे?"

"जगात फक्त एका गुहेत राहणारी जात. मग तिच्याकडे दुर्लक्ष करणं अवघड होईल."

आत्या उठली, ताटं मोरीत ठेवून आली आणि ओले हात पदराला पुसत पुन्हा बसली.

"त्याच गुहेत एक रातकिडा आहे. लांब मिशांचा, भिंतींवर असतो. त्याला १९७७ पासून स्वतःचं नाव आहे, केम्पिओला शंकरी. ज्या शंकर तिवारींनी ही गुहा पहिल्यांदा नीट अभ्यासली, त्यांच्यावरून ठेवलेलं. इतक्या वर्षांत त्या नावाने रातकिड्याचं काय भलं झालं, सांग. गुहेत येणाऱ्या कोणाला तो दाखवतात? सगळे विचारतात ते अंधी मछली कुठंय म्हणून. मग गाईड बिचारा पाण्यावर बॅटरी मारतो. अंधारामुळे ज्याचे डोळे गेले त्याला बघायला आपण उजेड घेऊन जातो. तुझ्या नव्या नावाने बॅटऱ्या कमी होतील की वाढतील?"

ही भीती एकट्या आत्याची नाही. इंडोनेशियातल्या रोटे बेटावरच्या लांब मानेच्या कासवाला १९९४ साली स्वतंत्र जातीचं नाव मिळालं आणि हौशी लोकांत त्याची किंमत इतकी चढली की बेटावरून ते जवळजवळ नाहीसं झालं. चीनमध्ये १९९९ साली वर्णन झालेल्या एका पालीची तर ज्या जागेवरून ती पहिल्यांदा नोंदली गेली ती जागाच व्यापाऱ्यांनी साफ केली. शास्त्रज्ञाने निबंधात प्रामाणिकपणे पत्ता लिहिला होता, आणि तो पत्ता वाचणारे सगळेच शास्त्रज्ञ नव्हते. तेव्हापासून अनेकजण नव्या जातीचं नेमकं ठिकाण छापत नाहीत.

"पण कुटुमसरचा पत्ता लपवायचा कुणापासून?" मी म्हटलं. "रस्त्यावर पाट्या आहेत, तिकीट आहे. पूर्वी लोक तिला गोपनसर म्हणायचे, लपलेली. आता ती लपलेली नाही."

"म्हणूनच तर विचारतेय. पत्ता सगळ्यांना माहीत आहे, गुहा १९८२ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. मग नाव नेमकं काय वाचवणार?"

मी तिला आंबोलीचं उदाहरण दिलं. सिंधुदुर्गात, हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या कुंडातल्या एका माशाला २०२० साली शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव मिळालं, आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने देवळाभोवतीची २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. निबंध आणि शासन निर्णय यांच्यात वर्षभराचंही अंतर नाही. आमच्या कामात असं क्वचित घडतं, आणि त्या बातमीने मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

"गावातले लोक त्याला काय म्हणायचे?" आत्याने विचारलं.

"देवाचा मासा."

"मग त्याला आधी कोणी वाचवलं? शिस्टुराने की देवाने?"

मी गप्प झाले. देवाचा मासा म्हणजे न पकडायचा मासा, एवढं गावातल्या पोरालाही कळत होतं. दोडामार्गाकडे रानजायफळाची दलदल उरली आहे तीही देवराई म्हणून. वनस्पतिशास्त्रज्ञ पोचेपर्यंत ती राखली कोणी, तर गावाने.

"पण आत्या," मी जरा वेळाने म्हणाले, "देवाचा मासा हे नाव गावाच्या वेशीपर्यंतच चालतं. उद्या वरच्या बाजूला कोणी खाण काढली, पाणी वळवलं, तर मंत्रालयात देवाचा मासा कोणाला समजणार? तिथे लॅटिन नाव लागतं, वर्ष लागतं, संग्रहालयातला क्रमांक लागतो. गावाला कळणारं नाव आणि सरकारला कळणारं नाव, दोन्ही हवीत. आंबोलीत दोन्ही होती, म्हणून ते झालं."

"आणि कुटुमसरला पहिलं कुठंय? तिथे 'अंधी मछली' म्हणजे काय, तर बघायची वस्तू."

तिचं बरोबर होतं. आत्या माझ्या बाजूने एक पाऊल टाकते आणि लगेच जमीन काढून घेते, ही तिची जुनी सवय. वर्गातही ती अशीच शिकवायची म्हणे.

मग मी तिला अरुणाचलच्या पक्ष्याबद्दल सांगितलं, कारण माझ्या मनात तो बरेच दिवस घोळत होता. पुण्यात खगोलशास्त्रात काम करणाऱ्या रमण आत्रेय यांनी २००६ साली ईगलनेस्टच्या जंगलातल्या एका पक्ष्याचं वर्णन केलं, बुगुन लायोसिकला. पक्षी इतके थोडे दिसले होते की त्यांनी एकही मारला नाही. जाळ्यात आला त्याची मोजमापं घेतली, फोटो काढले, काही पिसं ठेवली आणि सोडून दिला. नाव तिथल्या बुगुन लोकांवरून ठेवलं. पुढे २०१७ साली सिंगचुंग गावाच्या बुगुनांनी स्वतःचं जंगल सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून दिलं. ज्या पक्ष्यात आपलं नाव आहे त्याच्यासाठी माणूस काय करतो, ते तिथे दिसलं.

"मग तूही तसंच कर. पराचा तुकडा घे, फोटो काढ, सोडून दे."

"डीएनए तेवढ्यावर मिळेल. पण माशाच्या जाती हाडांवर ठरतात, पोटातल्या वाताशयाच्या कोषावर ठरतात. ते फोटोत येत नाही. आणि दुसरंही एक आहे. डेने दीडशे वर्षांपूर्वी नुसतं चित्र काढून ठेवलं असतं, तर मूळचा एव्हेझार्डी कोणता हे आज कोणालाच तपासता आलं नसतं. त्याने बाटलीत मासे ठेवले म्हणून आम्ही त्याची चूक दाखवू शकतो. मीही चुकेन. माझी चूक दाखवायला पुढच्या माणसाला काहीतरी ठेवायला नको का?"

हे मी मनापासून बोलले. मारलेला नमुना म्हणजे क्रौर्य, एवढंच ज्यांना दिसतं त्यांच्याशी माझं जमत नाही. नमुना हा पुढच्या पिढीला दिलेला, आपल्याला खोटं ठरवण्याचा हक्क असतो.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकोणऐंशी साली आम्ही पोरांना घेऊन गेलो होतो. तेव्हा उद्यान नव्हतं, विचारणारं कोणी नव्हतं. चहाचा थर्मास होता. चहा संपल्यावर मी तो गुहेच्या पाण्याने विसळला आणि चार मासे घेतले. केशकालचा घाट उतरेपर्यंत एक गेला. कांकेरला झाकण उघडलं तर दुसरा उलटा. उरलेले दोन प्रयोगशाळेत खिडकीपाशी ठेवले, पोरांना दिसावेत म्हणून. उजेडात. आठवडाभरात तेही गेले. चारही फॉर्मॅलिनमध्ये घातले, बाटलीवर मी माझ्या हाताने चिठ्ठी लावली. एव्हेझार्डी, कुटुमसर. मी निवृत्त झाले तोपर्यंत ती बाटली कपाटात होती. एवढ्या वर्षांत कोणी ती उघडली नाही. मीसुद्धा नाही."

"आत्या..."

"थांब. मी तुला जाऊ नको म्हणत नाहीये. माझ्या चार माशांवर कोणी एक ओळ लिहिली नाही, ते फुकट मेले. तू निदान लिहिशील. पण त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं, चारच का, तर मीही म्हटलं असतं, कमीत कमी तेवढे लागतात."

मी अर्ज माझ्याकडे ओढला. आम्ही दोघी मग कामाला लागलो, त्या रात्रीतला सगळ्यात चांगला वेळ तोच. गुहेत झाड नाही, ऊन नाही. पावसाळ्यात पाणी भरून गुहा बंद होते, आणि त्या पाण्याबरोबर वरच्या जंगलातला जो पाचोळा आत येतो त्यावरच आतलं सगळं जगतं. म्हणजे मासा राखायचा तर वरचं साल-सागाचं जंगल राखायला हवं, पाणी जिथून येतं ते ओढे राखायला हवेत. आत्या म्हणाली, तुझ्या निबंधात गुहेचा पत्ता सगळे वाचतील, त्याच्या शेजारी पाण्याचाही पत्ता लिही. उद्देशाच्या रकान्यात मी तशी दोन वाक्यं वाढवली. कुटुमसरमध्ये वाट दाखवणाऱ्या धुरवा पोरांना काम सुरू होण्याआधी सगळं सांगायचं, आणि नाव काय ठेवावं हे त्यांना विचारायचं, हेही ठरलं. त्यांच्या बोलीत या माशाला 'बघायची वस्तू' यापलीकडचं काही नाव असेल, तर लॅटिनचं नंतर बघू.

डीएनएसाठी पराचे तुकडे घेऊन मासे तिथल्या तिथे सोडायचे, डोळ्यांचे फोटो पाण्यातच घ्यायचे, तेही मंद लाल उजेडात. बदल किती आहे ते त्यातून दाखवता येईल. बाटलीत ठेवायचा तो एकच, ज्याच्याशी नाव कायमचं बांधलं जातं तो मूळ नमुना. मी 'दहा' खोडून 'एक' लिहिलं. शेजारी सही केली.

आत्याने कागद घेतला, दिव्याखाली धरला.

"कुठला?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"डोळे असलेला, मोहरीएवढे असलेला की नसलेला? तूच म्हणालीस ना, प्रत्येकाचे वेगळे. एकच उचलणार आहेस, तर कुठला उचलशील?"

अकरा वाजून गेले होते. नवा रायपूरची बस सकाळी पकडायची होती. आत्याने अर्ज घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि फाइल माझ्या पिशवीशेजारी उभी करून ठेवली.