उद्याचा मुहूर्त

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी तामस कर्त्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांच्या शेवटी आळशी, विषादी आणि दीर्घसूत्री हे तीन शब्द एकापाठोपाठ आले आहेत. हा क्रम मननीय आहे. आळसाने कर्तव्य टळते; टळलेले कर्तव्य मनास टोचू लागते, तो विषाद; आणि ती टोचणी शमविण्यासाठी मन उद्याचे वचन देते, ती दीर्घसूत्रता. दीर्घसूत्री म्हणजे लांब दोरा ओढीत बसणारा, घटकेचे काम महिन्यावर नेणारा. असा मनुष्य ‘करणार नाही’ असे कधीच म्हणत नाही. ‘आज नको’ एवढेच तो म्हणतो. परंतु उद्या उजाडला की त्याचाही ‘आज’च होतो आणि मुहूर्त पुन्हा एक दिवस पुढे जातो.

पुष्कळ गृहस्थांची तक्रार अशी असते की, कर्तव्य कळते, पण मन उठत नाही. उत्साह वाटला म्हणजे आरंभ करू. येथेच मूळ भ्रम आहे. उत्साह हे आरंभाचे बीज नसून फळ आहे. चूल पेटविणारी गृहिणी लाकूड आपोआप तापण्याची वाट पाहत नाही. ती प्रथम फुंकर घालते, धूर डोळ्यांत जातो, मग ज्वाला उठते. तिसऱ्या अध्यायाचा सिद्धांत असा आहे की, कोणीही प्राणी क्षणभरसुद्धा कर्माविना राहू शकत नाही. तेव्हा आळशी मनुष्यही काही ना काही करीतच असतो. अंथरुणावर पडल्या पडल्या तो शंभर मनोराज्ये उभारतो आणि मोडतो. शक्ती त्याच्यापाशी आहे. ती नको त्या ठिकाणी खर्च होत आहे, एवढेच.

आळसाची वेषांतरे ओळखणे हे साधकाचे पहिले काम होय. कुरुक्षेत्रावर अर्जुन खाली बसला, तेव्हा त्याने स्वतःस आळशी म्हटले नाही. तो भिक्षान्नाची, त्यागाची आणि कुलधर्माची भाषा बोलत होता. ते शब्द वैराग्याचेच वाटतात. भगवंतांनी मात्र त्यामागील हृदयाचे दौर्बल्य ओळखले आणि त्याला उठण्यास सांगितले. आजही ‘दैवात असेल तर होईल’, ‘मला कशाची हाव नाही’ अशी वाक्ये पुष्कळदा ऐकू येतात. कसोटी सोपी आहे. ज्याला खरोखर हाव उरलेली नाही, तो भोजनाची वेळ आणि सेवेची वेळ दोन्ही सारख्याच शांतीने पाळतो. ज्याचे वैराग्य केवळ कामाच्या वेळी जागे होते, त्याचे ते वैराग्य नव्हे.

तथापि थकवा आणि आळस यांची गल्लत करू नये. रात्रभर आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या मातेची झोप तमोगुणाची नव्हे. आहार, विहार, निद्रा आणि जागृती ही सर्व प्रमाणात असावीत, असे सहावा अध्याय सांगतो. विश्रांतीनंतर जी मरगळ निघून जाते तो थकवा. विश्रांतीने जी वाढते तो आळस. जी दीर्घकाळ हटत नाही आणि जिच्यामुळे जीवनच नकोसे वाटते, ती व्याधी असू शकते. तेथे उपदेश पुरे, वैद्याकडे न्यावे.

शिवाय ही लक्षणे स्वतःच्या परीक्षेसाठी आहेत, दुसऱ्यावर शिक्का मारण्यासाठी नव्हेत. लखनौ नगरीचाच इतिहास पाहावा. १८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य घेतले, तेव्हा नवाब वाजिद अली शहा विलासी आणि अकर्मण्य आहे, हेच कारण पुढे केले. याच नवाबाने ग्रंथ रचले, ठुमऱ्या बांधल्या. परस्वापहार करणाऱ्याला दुसऱ्याचा आळस फार लवकर दिसतो. घरातही सुनेला किंवा नोकराला आळशी म्हणणाऱ्याने आधी आपल्या हातचे काम मोजावे.

त्याच नवाबाच्या कैसरबागेतील परीखान्यात आज जे संगीत विद्यापीठ आहे, ते एका महाराष्ट्रीयाचे नाव धारण करते. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते वकील होते. १९०० साली त्यांची पत्नी निवर्तली आणि १९०३ साली कन्या. घर रिकामे झाले. अशा वेळी कोणी मनुष्य हातपाय गाळून बसला असता, तरी जगाने त्याला दोष दिला नसता. भातखंडे यांनी वकिली सोडली, पण कर्म सोडले नाही. तरुणपणापासून चालत आलेला संगीताचा अभ्यास त्यांनी हाती घट्ट धरला. १९०४ साली ते दक्षिणेच्या यात्रेस निघाले. पुढे कलकत्ता, काशी, रामपूर अशा अनेक ठिकाणी ते गेले. कलावंतांनी कंठात जपलेल्या चिजा ऐकाव्या आणि स्वरलिपीत उतरवून घ्याव्या, हा त्यांचा क्रम झाला. सर्वच उस्ताद प्रसन्नतेने देत होते असे नाही. तरीही एकेक चीज जमत गेली. क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत ती संपदा आज कोणासही खुली आहे.

१९१६ साली बडोद्यास त्यांनी अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. १९२४ आणि १९२५ साली ती लखनौत भरली. राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज सुरू झाले. त्या वेळी पंडितजींनी पासष्टी ओलांडली होती. परिषदेपासून पाठशाळेपर्यंत दहा वर्षे गेली. दहा वर्षे कोणाचाही उत्साह सारखा तेवत नाही; ती केवळ नियमानेच कंठता येतात. १९३६ साली त्यांचा देह पडला, पण विद्येची परंपरा थांबली नाही.

हा नियम कसा बांधावा, हेही लखनौच्या चिकनकाम करणाऱ्या स्त्रियांपासून शिकण्यासारखे आहे. कापडावर प्रथम लाकडी ठशाने निळीची वेलबुट्टी छापतात. मग त्या रेषेवर सुई चालते. कोठे टाका घालावा याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागत नाही. रेषा आधीच ठरलेली असते. काम पुरे झाल्यावर कापड धुतात, निळी निघून जाते आणि टाके तेवढे राहतात. गृहस्थानेही रात्री निजण्यापूर्वी उद्याच्या दिवसावर असा एक ठसा उमटवावा: अमुक वेळी, अमुक जागी, अमुक काम. सकाळी मनाला विचारू नये. मनाला विचारणे म्हणजे चोरालाच कुलूप लावण्यास सांगणे होय.

आरंभ लहान असावा. ज्याचे हिशेब सहा महिने पडून आहेत, त्याने पहिल्या दिवशी एकच पान पुरे करावे. ज्याचा नित्यपाठ सुटला आहे, त्याने एका श्लोकापासून बसावे. या धर्माचे अल्प आचरणही निष्फळ होत नाही, असे भगवंतांचे आश्वासन आहे. एखादा दिवस चुकला तर त्याच्या शोकात दुसरा दिवस घालवू नये. कारण विषाद हा आळसाचाच सखा आहे.

शेवटी खरी प्रेरणा कोठून येते? ‘माझे काय होईल’ या चिंतेतून आलेला जोर दोन दिवस टिकतो. ‘हे काम त्याचे आहे’ या भावातून आलेला जोर आटत नाही. तिसऱ्या अध्यायात भगवान स्वतःविषयी सांगतात की, तिन्ही लोकांत त्यांना काही मिळवावयाचे उरलेले नाही, तरी ते अतंद्रित राहून कर्म करीत असतात. त्यांनी थांबावे तर लोकही त्याच वाटेने थांबतील. गृहस्थाच्या घरीही लहान डोळे पाहत असतात. पित्याने सांगितलेला उद्योगाचा महिमा मुलगा विसरतो; पिता पहाटे उठून हातपाय धुऊन कामास बसला, हे तो विसरत नाही. ज्याचा मालक अतंद्रित आहे, त्याच्या सेवकाने उद्याचा मुहूर्त कशास शोधावा? हातातले पान उलटावे, नाम घ्यावे आणि जे काम समोर आहे त्याला याच घटकेस हात घालावा.