जप्तीच्या पलीकडचा समन्वय

नशेच्या पदार्थांविरुद्धचा शासकीय कारभार भारतात पदार्थागणिक वेगवेगळ्या कायद्यांत आणि खात्यांत वाटला गेला आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार दारू हा पूर्णपणे राज्याचा विषय आहे आणि महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी अधिनियमाखाली तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे येतो. गांजा, अफू, हेरॉइन यांसारख्या अमली पदार्थांना केंद्राचा 1985चा कायदा, म्हणजे ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’, लागू होतो. बोलीत आणि बातम्यांत तो एनडीपीएस या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. गुटखा आणि सुगंधित तंबाखू यांवर राज्यात 2012 आणि 2013पासून बंदी आहे, मात्र ती अन्नसुरक्षा कायद्याखालची असल्यामुळे तिची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे सोपवलेली आहे. झोपेच्या गोळ्या व खोकल्याची औषधे औषध निरीक्षकाच्या कक्षेत येतात, तर व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय आणि आरोग्य या दोन विभागांत विभागलेले आहे. चंद्रपूर–गडचिरोलीच्या खेड्यात मात्र ही विभागणी कोणालाच जाणवत नाही, कारण तेथे शाळकरी वयात खर्ऱ्यापासून, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणापासून, सुरू झालेली सवय पुढे मोहाच्या दारूकडे आणि शहराशी संबंध आल्यावर गांज्याकडे वळते, तेव्हा ती एकाच घरात, एकाच मिळकतीवर आणि बहुधा एकाच बाईच्या कष्टांवर पोसली जात असते.

ही विस्कळीत यंत्रणा निदान अमली पदार्थांपुरती एकत्र आणण्यासाठी केंद्राने 2016मध्ये नार्को समन्वय यंत्रणा उभारली आणि 2019मध्ये तिला शिखर, कार्यकारी, राज्य आणि जिल्हा असे चार स्तर दिले. जिल्हा स्तरावरील समितीचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि पोलीस, उत्पादन शुल्क, वन, आरोग्य, शिक्षण आदी विभागांचे अधिकारी तिच्या बैठकीला येतात. 15 ऑगस्ट 2020 रोजी प्रथम 272 जिल्ह्यांत सुरू झालेले नशामुक्त भारत अभियान प्रतिबंधाची बाजू सांभाळते, तर महाराष्ट्र शासनाने 2023मध्ये स्थापन केलेले अमली पदार्थ विरोधी कृती दल तपासाची बाजू पाहते. रचना म्हणून यात खोट काढण्यासारखे थोडेच आहे. अडचण अशी, की ही रचना जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन थांबते आणि तेथेही ती प्रामुख्याने जप्तीचे आकडे गोळा करते. एखाद्या तालुक्यात गेल्या वर्षभरात किती जणांनी उपचार घेतले आणि त्यांपैकी किती टिकले, हा प्रश्न जप्तीइतक्याच गांभीर्याने क्वचितच विचारला जातो. त्यामुळे होते ते असे, की समन्वय ‘माल’ या एका वस्तूभोवती घडतो आणि माणूस त्यातून निसटतो.

या म्हणण्याला नागभीडचा अनुभव आधार देतो. नागभीड हा चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गाला नागपूरकडून येणारा जुना अरुंद मार्ग याच जंक्शनवर मिळे, आणि उमरेड–भिवापूरवरून येणारी सडक येथून मूल, चंद्रपूर, ब्रह्मपुरी व गडचिरोलीच्या दिशांना फुटते. श्रमिक एल्गार संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली महिलांनी डिसेंबर 2010मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत काढलेल्या पदयात्रेने दारूबंदीची मागणी विधिमंडळाच्या दारापर्यंत नेली आणि अखेर 1 एप्रिल 2015पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ती लागू होताच नागभीड हा बंदी असलेला आणि नसलेला जिल्हा यांच्यामधला उंबरठा ठरला, कारण भिवापूर तालुका नागपूर जिल्ह्यात येतो आणि तेथे दुकाने पूर्ववत चालू होती. सीमेवरचा मोठा ताण त्यामुळे एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यावर आला. नोव्हेंबर 2018मध्ये नागभीड ठाण्याचे पोलीस उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांना दारूची चोरटी वाहतूक करणारी गाडी अडवताना त्याच गाडीखाली चिरडण्यात आले. बंदीचा निर्णय मुंबईत झाला, दुकाने शेजारच्या जिल्ह्यात राहिली आणि रस्त्यावर मात्र ठाण्याचा एक अधिकारी उभा राहिला, ही या मृत्यूमागची व्यवस्था आहे. तिला केवळ गुन्हेगारांच्या निर्दयतेचे उदाहरण म्हणून बाजूला सारणे चिडे यांच्यावर अन्याय करणारे ठरेल.

मे 2021मध्ये मंत्रिमंडळाने चंद्रपूरची दारूबंदी उठवली. निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल त्याआधी आला होता, आणि अवैध विक्री वाढली, स्त्रिया व मुले तिच्यात ओढली गेली, महसूल बुडाला, ही कारणे पुढे करण्यात आली. या कारणांत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. परंतु अवैध विक्री का वाढली, याचे उत्तर शोधताना बंदीसोबत उपचाराची, शेजारच्या जिल्ह्याशी समझोत्याची आणि गावपातळीवरील देखरेखीची व्यवस्था उभी राहिली होती का, हे आधी पाहायला हवे होते. बंदी उठल्याने सीमाही नाहीशी झाली नाही; ती वैनगंगेच्या काठावर सरकली, कारण पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात 1993पासून दारूबंदी आहे आणि ती आजही कायम आहे. ब्रह्मपुरीहून वडशाला जाणाऱ्या पुलाच्या एका टोकाला परवानाधारक विक्री आणि दुसऱ्या टोकाला गुन्हा, अशी स्थिती असताना दोन्ही जिल्ह्यांच्या समित्या आपापल्या मुख्यालयी स्वतंत्रपणे भरतात. नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांना सीमेवरील तालुक्यांपुरती नियमित संयुक्त बैठक घेणे अवघड नाही. ती आवश्यक वाटत नाही, कारण प्रत्येक जिल्ह्याची कामगिरी स्वतंत्रपणे मोजली जाते.

गडचिरोलीची वाट काहीशी वेगळी राहिली. तेथील दारूबंदी डॉ. अभय व राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आणि गावोगावच्या स्त्रिया यांच्या चळवळीतून आली. तरीही दोन दशकांत असे दिसून आले, की नुसत्या बंदीने मागणी कमी होत नाही, आणि म्हणून 2016मध्ये शासन, सर्च आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू केला. त्यात गावसंघटन, जनजागृती, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनी माणसावर उपचार ही चारही कामे एकाच जिल्हाव्यापी आराखड्यात बांधली गेली आणि दारूइतकेच तंबाखूलाही लक्ष्य मानले गेले. गावातील स्त्रिया जंगलात लपवलेला मोहाचा सडवा, म्हणजे गाळण्यासाठी आंबवायला ठेवलेली मोहफुले, शोधून ओतून देतात, तेव्हा पोलिसांना मिळणारी माहिती आणि गावाचा धाक दोन्ही एकत्र काम करतात; आणि त्याच तालुक्यात व्यसनमुक्तीचा दवाखाना भरत असल्यामुळे पिणाऱ्याला शिक्षेखेरीज दुसरी वाटही उघडी राहते. 1996च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने तर असा कायदा होण्यापूर्वीच गावसभेत सर्वसहमतीने दारूबंदी आणली होती. मुक्तिपथने सारे प्रश्न सोडवले असा दावा करण्याची गरज नाही. कायद्याचा धाक आणि आजाराचे उपचार एकाच तालुक्यात, एकाच नियोजनात ठेवता येतात, एवढे त्याने सिद्ध केले आणि तेवढेही मोलाचे आहे.

गांज्याच्या बाबतीत समन्वयाची गरज अधिकच सूक्ष्म आहे. आंध्र–ओडिशा सीमेवरील डोंगराळ पट्ट्यातून निघालेला माल तेलंगण किंवा छत्तीसगडमार्गे नागपूरकडे जातो, आणि विदर्भाच्या पूर्वेकडील सडका व लोहमार्ग त्या वाहतुकीच्या टप्प्यात येतात. असा माल पकडला गेला तरी खटला उभा राहणे हे पकडण्याइतकेच कठीण असते. एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे; शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात मोडत नाहीत. 1 किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि 20 किलोंपेक्षा अधिक ते व्यापारी मानले जाते, आणि शिक्षेचा काळ या वजनावर ठरतो. अंगझडती घ्यायची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती घेतली जावी असा हक्क त्या माणसाला आहे आणि तो त्याला सांगणे कलम 50नुसार बंधनकारक आहे. त्यानंतर दंडाधिकाऱ्यासमोर यादी, वजन, छायाचित्रे आणि नमुने घेऊन ते न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात. म्हणजे रात्री रस्त्यावर गाडी अडवलेल्या फौजदाराला तहसीलदार, वजनकाटा, पंच आणि न्यायालय यांची साथ वेळेवर मिळाली नाही, तर सहा महिन्यांनी आरोपी तांत्रिक कारणावरून सुटतो. या साखळीतील माणसे तालुक्याच्या गावी बसतात. त्यांचा मेळ जिल्ह्याच्या सभागृहात नव्हे, तालुक्यातच बसवावा लागतो.

याच कायद्यातील दोन तरतुदी तर जवळजवळ वापराविना पडून आहेत. कलम 47नुसार भांग वा अफूची बेकायदा लागवड माहीत झाल्यास पोलिसांना तात्काळ कळवणे हे प्रत्येक शासकीय अधिकाऱ्याचे, तसेच पंच, सरपंच व इतर गावकामगारांचे कर्तव्य आहे. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक आणि पोलीस पाटील यांना हे एकत्र बसवून सांगण्यासाठी वेगळा निधीही लागत नाही. कलम 64अ त्याहून महत्त्वाचे आहे. अल्प प्रमाणातील पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने शासनाच्या वा शासनमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावरील कारवाई टळू शकते. पण हे कलम तेव्हाच जिवंत होते, जेव्हा ठाण्यातील अंमलदाराला पाठवायला जवळ एखादे केंद्र असते. नागभीडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक आणि व्यसनमुक्तीची औषधे उपलब्ध झाली, ठाण्याला त्या दिवसाची माहिती राहिली आणि पुढच्या बैठकीत तहसीलदाराने जप्त मालाच्या आकड्याआधी त्या दिवशी आलेल्या, औषध चालू ठेवलेल्या आणि मधेच सोडून गेलेल्या माणसांचा आकडा विचारला, तर त्या बैठकीचे स्वरूप बदलेल. सोडून गेलेल्यांच्या घरी आशा सेविकेने जायचे, की पोलीस पाटलाने, की दोघांनी, हा निर्णयही त्याच तालुक्याच्या टेबलावर व्हायला हवा, कारण ते घर कुठल्या वाडीत आहे हे तेथेच माहीत असते.