ऐकणाऱ्याचे ऋण

ऐकणे ही केवळ करमणूक आहे, की त्यात काही नैतिक कर्तव्यही दडलेले आहे? गायकाने साधना करावी, वादकाने हात तयार ठेवावा, संगीतकाराने आपल्या कलेशी प्रामाणिक राहावे, अशा अपेक्षा आपण कलावंतांकडून सर्रास बाळगतो. ऐकणाऱ्याकडून मात्र कुणी काही मागत नाही. त्याने तिकीट काढले, चार टाळ्या दिल्या की त्याचे देणे फिटले, अशी जगाची रीत आहे. ही रीत न्याय्य आहे काय, याचा विचार आम्हाला येथे करावयाचा आहे. आणि त्यासाठी जॅझ संगीताच्या रसिक मंडळांचे उदाहरण आम्ही घेतले आहे. काही वाचकांना हा विषय परका वाटेल. जॅझ म्हणजे बड्या हॉटेलांतील नाचगाण्याचा मामला, त्याच्याशी आपल्या कुटुंबांचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. परंतु तिकडे वळण्याआधी आपण जरा दूर, मराठवाड्यात जाऊ.

हिंगोली जिल्ह्यातील साखरा या गावी जॅझचे नाव क्वचितच कुणी घेत असेल. पण चार माणसांनी एकत्र बसून ऐकणे म्हणजे काय, हे त्या मुलखाला शिकवावे लागत नाही. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाणारे नर्सी गाव याच जिल्ह्यात आहे आणि औंढा नागनाथाचे प्राचीन मंदिरही याच जिल्ह्यात. तेथील एक आख्यायिका महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना तेथून हटकण्यात आले. कसलाही वाद न घालता ते देवळामागे गेले आणि तेथे त्यांनी कीर्तन सुरू केले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले, असे भाविक सांगतात. ही कथा इतिहास म्हणून तपासण्याचे कारण नाही. तिच्यातील विचार पुरेसा आहे. ज्याला मागे पाठवले गेले त्याच्याकडे तोंड फिरवणे, हे खरे ऐकणे होय. कानावर सूर पडणे ही शरीराची क्रिया झाली. गाणाऱ्याकडे वळणे हा मनाचा निर्णय असतो.

आता जॅझकडे येऊ. या संगीताचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात झाला. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत परस्पर सहाय्य मंडळे होती. सभासद वर्गणी भरत. त्या पैशातून आजाऱ्याला औषधपाणी मिळे आणि मृत सभासदाला मानाने मूठमाती दिली जाई. अंत्ययात्रेपुढे मंडळाचा बँड चाले. दफनभूमीकडे जाताना संथ, गंभीर स्तोत्रे वाजत. परतताना तोच बँड उल्हासाचे सूर धरी. म्हणजे या संगीताचे पहिले रसिक मंडळ हे आजाऱ्याची विचारपूस करणारे आणि मृताला खांदा देणारे मंडळ होते. एकाने सूर टाकावा आणि इतरांनी त्याला उत्तर द्यावे, ही जॅझची मूळ रीत आहे. कीर्तनकार आणि टाळकरी यांचे नाते ज्याने पाहिले आहे, त्याला ती समजावून सांगावी लागणार नाही.

हे संगीत मुंबईत कसे रुजले? १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. पुढे टेडी वेदरफोर्ड हे पियानोवादक आले. त्यांच्या बँडमध्ये गोव्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवीत. परदेशी वादकांच्या बरोबरीने बसण्याची गोमंतकीयांची ही तयारी धर्मग्रामांतील शाळांत झाली होती. तेथे मेस्त्री मुलांना स्वरलिपी वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत. मिस्सेतील गायनासाठी दिलेली ती विद्या होती. पुढे तीच पोटापाण्याची विद्या ठरली. कामाच्या शोधात मुंबईत आलेले हे तरुण धोबीतलाव, माझगाव या भागांतील कुडांत उतरत. कूड म्हणजे एकेका गावाने चालवलेले वसतिगृह. थोडक्या पैशात निजण्यापुरती जागा, एका कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सर्वांची मिळून रोजरी. खलाशी, आचारी आणि वादक तेथे शेजारी शेजारी राहत. न्यू ऑर्लिन्सच्या सहाय्य मंडळाचे हे भावंडच म्हणावे लागेल.

हळदोणे गावचे आंतोनियो शाव्हियर वाझ हे याच पिढीतले. 'चिक चॉकलेट' या नावाने ते गाजले आणि लोक त्यांना मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रीचा व्यवसाय आटू लागला आणि अनेक वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. १९५१ साली आलेल्या 'अलबेला' चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा होता, आणि ते स्वतः पडद्यावरही दिसले. पण असे दिसणे फार थोड्यांच्या वाट्याला आले. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या असंख्य गाण्यांचे वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा यांनी केले. कुठे व्हायोलिनांचा ताफा उठावा, कुठे एकटी बासरी राहावी, हे कागदावर उतरवणारा हात त्यांचा होता. देशाने ती गाणी तोंडपाठ केली. तो हात कुणाचा, असे मात्र देशाने विचारले नाही. वादकांना कामाच्या पाळीप्रमाणे मजुरी मिळे आणि तेथेच संबंध संपे. नामदेवांना देवळामागे पाठवले गेले, यांना पडद्यामागे.

माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर आम्हाला अधिक विचार करावयास लावते. ते उत्तम व्हायोलिनवादक आणि संयोजक होते. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली त्यांनी भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्यासाठी स्वतःचा वृंद उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. पुढे १९७७ साली 'अमर अकबर अँथनी' चित्रपटात त्यांच्याच नावाचे एक विनोदी गाणे आले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातील ते गाणे म्हणजे शिष्याने गुरूला केलेले वंदन होते. ते नाव घराघरांत पोहोचले. पण त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, हे किती जणांना ठाऊक होते? २०१२ साली गोव्यात त्यांचे निधन झाले. शिष्याने ऋण मानले. श्रोत्याला आपल्यावर ऋण आहे याचीच जाणीव नव्हती.

येथे रसिक मंडळांचे महत्त्व लक्षात येते. निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी मुंबईतून 'ब्ल्यू ऱ्हिदम' नावाचे जॅझला वाहिलेले नियतकालिक काढले. पुढे झवेरींच्या पुढाकाराने 'जॅझ इंडिया' ही संस्था उभी राहिली आणि १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली. सॉनी रॉलिन्स यांच्यासारखे थोर सॅक्सोफोनवादक तेथे आले. पुढील काळात या यात्रेच्या मंचावर लुई बँक्स आणि गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या भारतीय वादकांना जगातील नामवंतांच्या पंक्तीला बसता आले. हे काम सरकारने केले नाही की चित्रपटधंद्याने केले नाही. रेकॉर्डी जमवणाऱ्या, एकमेकांच्या घरी बसून त्या ऐकणाऱ्या हौशी माणसांनी ते केले. ऐकणारे संघटित झाले की पडद्यामागच्या माणसाला मंच मिळतो, हा धडा आपण येथून घ्यावा.

आता एक आक्षेप. ज्या महाराष्ट्रात शेतकरी पावसाची वाट पाहून थकतो, तेथे संगीत ऐकण्याची मंडळे चालवणे ही चैन नव्हे काय? ते पैसे आणि तो वेळ गरिबांना द्यावा, हे अधिक ख्रिस्ती नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. परंतु बेथानीच्या घरी मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हाही हाच आक्षेप घेण्यात आला होता. तो कोणी घेतला आणि प्रभूने कोणाची बाजू घेतली, हे वाचकांना सांगावयास नको. अर्थात त्या प्रसंगाचा आधार घेऊन कुणी आपल्या ऐषारामाचे समर्थन करू लागला, तर तोही प्रभूच्या शब्दांचा विपर्यास ठरेल. मरियेचे तेल स्वतःच्या केसांसाठी नव्हते. ते दुसऱ्याच्या सन्मानासाठी होते. आम्हाला वाटते, कसोटी हीच. मंडळ जर स्वतःच्याच अभिरुचीची आरती ओवाळत बसले, तर ती चैन आहे. ते जर कलावंताकडे आणि शेजाऱ्याकडे तोंड करून उभे असेल, तर ती सेवा आहे.

मेरी लू विल्यम्स या अमेरिकन पियानोवादिकेचे जीवन या दृष्टीने चिंतनीय आहे. कीर्तीच्या शिखरावर असताना १९५४ साली त्यांनी वादन सोडले आणि प्रार्थनेचा मार्ग धरला. १९५७ साली त्यांनी कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली. व्यसनांत सापडलेल्या, हलाखीत दिवस काढणाऱ्या वादकांसाठी त्यांनी एक संस्था काढली आणि तिच्या खर्चासाठी जुन्या वस्तूंचे दुकान चालवले. संगीत सोडू नये, असा धर्मगुरूंनीच त्यांना आग्रह केला. त्या पुन्हा पियानोकडे वळल्या आणि १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये त्यांची जॅझ शैलीतील मिस्सा गायली गेली. वेदी, पियानो आणि जुन्या कपड्यांचे दुकान या तीन गोष्टी एकाच आयुष्यात शेजारी शेजारी राहिल्या. कला की करुणा, असा प्रश्न त्यांना पडला असेलच, तर त्यांनी त्याचे उत्तर जगून दिले.

मग ऐकणाऱ्याचे ऋण कोणते? आम्ही ते तीन शब्दांत मांडू: नाव, दाम आणि वारसा. ज्याचे सूर आपल्याला आनंद देतात त्याचे नाव विचारावे. अनामिकाकडून घेतलेला आनंद हा अर्धा उसना असतो. त्याच्या श्रमाचे योग्य दाम द्यावे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार, संगीतकार आणि कलावंतांच्या स्वामित्वधनाला बळकटी आली, हे खरे. पण लग्नाच्या मांडवात बँडवाल्याशी घासाघीस करणाऱ्या हाताला कोणताही कायदा अडवू शकत नाही. तेथे सद्‌सद्‌विवेकबुद्धीच लागते. आणि तिसरे म्हणजे, त्याची विद्या पुढच्या पिढीच्या हाती जाईल असे पाहावे.

हे ऋण फेडण्यासाठी मुंबईचे रंगभवन हवे असे नाही. रंगभवनाचा परिसर पुढे शांतता क्षेत्र ठरला आणि तेथील संगीताचे खुले कार्यक्रम बंद पडले. मंच जातात, माणसे उरतात. आपल्या धर्मग्रामांत ऑर्गनवर बसणारी बहीण आहे, गायकवृंदाला वर्षानुवर्षे शिकवणारे मास्तर आहेत, लग्न-बारशाला ट्रम्पेट वाजवणारे काका आहेत. त्यांपैकी कित्येकांच्या ट्रंकांत हाताने लिहिलेल्या स्वरलिपीची पाने पिवळी पडत आहेत. महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर सभागृहात तासभर जमावे. एखाद्या ज्येष्ठ वादकाला मानाने बोलवावे. त्याने वाजवावे, आपण गप्प बसून ऐकावे, आणि मग त्याला विचारावे की हे कुठे शिकलात, कोणी शिकवले. मुलांनी ती नावे वहीत लिहून घ्यावीत. पिवळ्या पानांच्या प्रती काढून ठेवाव्यात. तो आजारी पडला तर त्याच मंडळींपैकी दोघांनी त्याच्या घरी जावे.

एवढे केले तर त्याला कोणी जॅझ मंडळ म्हणो की भजनी मंडळ, नावाने काही बिघडत नाही. पुढच्या रविवारी गायकवृंद शेवटचे गीत गाऊ लागेल, तेव्हा आपली पावले दाराकडे वळलेली असतात. ती क्षणभर थांबवावी आणि मागे वळून पाहावे. गाणारे कोण आहेत ते पाहण्यापासून आपल्या ऋणफेडीचा आरंभ होऊ शकतो.