माशी हलते तेव्हा

अमेरिकेतल्या रुगर कंपनीने 1985 मध्ये जीपी-100 नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याच्या नळीच्या तोंडाशी, गोळी बाहेर पडते त्या भोकाच्या जरा वर, एक बारीक खुंटी आहे. टोकदार काहीतरी घेऊन ती आत दाबली की मागची स्प्रिंग आकसते आणि नळीवरचं नेम धरण्याचं पातं सुटून हातात येतं. तिथे हवं ते दुसरं बसवावं: काळं, पितळी ठिपक्याचं किंवा लाल पट्टीचं. मिनिटाचं काम. जुन्या मराठीत बंदुकीच्या टोकावरच्या या उंचवट्याला ‘माशी’ म्हणत. नेम धरणारा डोळा शेवटी याच माशीवर स्थिरावतो. म्हणून नवं पातं बसवल्यावर ते नखाने ढकलून पाहणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. ते हलतं. केसभरच, पण हलतं.

केसभर हलण्याने काय बिघडतं?

हा प्रश्न बंदूकवाल्यांपुरता नाही. नियम, व्रत, दिलेला शब्द यांच्याबद्दल माणसं फार पूर्वीपासून हेच विचारत आली आहेत. किती सैल चालेल, आणि कुठून पुढे चालणार नाही? हत्याराचं उदाहरण घ्यायचं ते अशासाठी, की इथे चूक मोजता येते.

मोजूनच पाहू. मागची खाच आणि पुढचं पातं यांच्यात 15 सेंटीमीटर अंतर धरलं, तर 25 मीटरवरचं लक्ष्य त्याच्या सुमारे 167 पट लांब आहे. पातं एक दशांश मिलिमीटर सरकलं तर तिथे गोळी साधारण 17 मिलिमीटर सरकते. तीही उलट्या बाजूला, कारण उजवीकडे गेलेलं पातं खाचेच्या मध्यावर आणण्यासाठी नेमबाज नकळत नळी डावीकडे वळवतो. 25 मीटरच्या अचूक नेमबाजीत दहा गुणांचं वर्तुळ 50 मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत फक्त 25. त्यातले 17 पात्यानेच खाल्ले तर हाताच्या थरथरीला आणि श्वासाला जागा उरते 8 मिलिमीटरची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच 25 मीटरच्या अंतरावर, पिस्तुलाने. त्या खेळात एवढ्या फरकावर पदक येतं आणि जातं.

उलट, सात मीटरवर हाच फरक पाच मिलिमीटरही भरत नाही. तिथे तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सुरुवातीलाच बजावलं आहे, की ज्या विषयात जेवढा काटेकोरपणा शक्य आहे तेवढाच तिथे मागावा. गणितज्ञाकडून अदमास आणि वक्त्याकडून सिद्धता मागू नये. याच ग्रंथात, नेम धरणाऱ्या धनुर्धराला समोर लक्ष्य असावं लागतं, तसं जगण्यालाही असावं, असंही तो सांगतो. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की कळतं, सैलपणा किती हे एकट्या पात्याकडे बघून सांगता येत नाही. लक्ष्य किती लांब आहे तेही विचारावं लागतं.

पण ‘किती’ हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा जास्त मोलाचा आहे: हललेलं पातं परत कुठे येतं? प्रत्येक बारानंतर ते स्वतः ज्या खाचेत बसतं तिच्या त्याच भिंतीला टेकत असेल, तर त्याच्या हलण्याने काहीच बिघडत नाही. गोळ्या दरवेळी थोड्या डावीकडे जात असतील, तर मागच्या साइटचा स्क्रू फिरवला की काम झालं. घात होतो तो लहरी पात्याने. आत्ता इकडे, पुढच्या बाराला तिकडे. अशा चुकीला स्क्रू नसतो. गॅरेजमधला मेकॅनिक बेअरिंगला ‘प्ले आहे’ म्हणतो, तेव्हा त्यालाही हेच तपासायचं असतं. भाग हलतो का, एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. हलून जागेवर बसतो का, हे तो बोटांनी पाहतो.

मग कारखान्याने पातं घट्टच का बसवू नये? कारण ते बदलता यायला हवं. फ्रान्सच्या ओनोरे ब्लांने 1785 मध्ये बंदुकीच्या चापांचे सुटे भाग मांडून ठेवले. तेव्हा पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या थॉमस जेफरसनने हाताला लागतील तसे भाग उचलून स्वतः काही चाप जोडले, आणि ते बसले. जेफरसनने ही नवलाई पत्राने मायदेशी कळवली. तिथे ती रुजायला मात्र पुढची कित्येक दशकं गेली. सॅम्युअल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या भागांवर अनुक्रमांक ठोकलेले दिसतात, कारण शेवटची जुळणी कारागीर कानशीने करत असे आणि एका नगाचे भाग दुसऱ्यात मिसळून चालत नसत. कानशीने बसवलेला भाग एकाच बंदुकीचा असतो. कुठल्याही बंदुकीत बसणाऱ्या भागाला मात्र प्रत्येक खाचेत थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते. सगळ्यांसाठी असण्याची ती किंमत आहे.

कायद्याचंही असंच असतं. तो सर्वांसाठी लिहिला जातो, म्हणून एखाद्या प्रसंगाला नेमका बसत नाही, हे ॲरिस्टॉटलने ओळखलं होतं. त्यावर त्याने दिलेलं उदाहरण बांधकामावरचं आहे. लेस्बॉसचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. ती दगडाच्या वळणाप्रमाणे वाकायची. न्यायाधीशाने कायदा असा वापरावा, असं त्याचं म्हणणं. हा विचार थोर आहे, पण त्यात जोखीमही आहे. प्रत्येक दगडाबरोबर वाकणारी पट्टी शेवटी काही मोजते की नाही, हे गवंड्याच्या सचोटीवरच ठरतं.

खुद्द रिव्हॉल्व्हरच्या पोटातही सैलपणा मुद्दाम राखलेला आहे. गोळ्यांचं चक्र फिरायचं तर ते आणि नळी यांच्यात फट हवी. ती साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर असते. गोळी त्या फटीवरून उडी मारून नळीत शिरते. ती अगदी मध्यावर आली नाही तरी सरळ व्हावी, म्हणून नळीचं मागचं तोंड नरसाळ्यासारखं पसरट कापतात. फट बुजवली तर चक्र अडकेल. तेव्हा एकाच यंत्रात एका जागचा सैलपणा जीवनावश्यक, आणि चार बोटं पुढे तोच नेम बिघडवणारा. ‘सैलपणा वाईट’ किंवा ‘थोडं चालतंच’, अशी सरसकट विधानं करणाऱ्यांनी हे रिव्हॉल्व्हर एकदा उघडून पाहावं.

धर्मविचारात तर नेम आणि चूक यांची सांगड भाषेतच आहे. हिब्रू बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात बिन्यामिन वंशाचे सातशे डावखुरे गोफणकरी आहेत. केसावर दगड मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथे ‘चुकणं’ या अर्थी आलेलं क्रियापद इतरत्र पाप करण्यासाठी येतं. ग्रीकमध्येही होमरच्या योद्ध्याचा भाला चुकतो तेव्हा जे क्रियापद येतं, त्याच्याच कुळातला शब्द नव्या करारात पापासाठी आहे. आणि हिब्रूत पश्चात्तापाला जो शब्द आहे, तेशुवा, त्याचा मूळ अर्थ परत येणं.

जैन आचारात हे परतणं आणखी बारकाईने मांडलं आहे. व्रत ढळण्याच्या चार पायऱ्या सांगतात: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. आधी नुसतं मनात येतं, मग त्या बाजूला पाऊल पडतं, मग व्रताला अंशतः बाधा येते आणि शेवटी ते पुरतं मोडतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक व्रताचे पाच-पाच अतिचार मोजले आहेत. अहिंसेच्या व्रताच्या अतिचारांत जनावरावर वाजवीपेक्षा जास्त ओझं लादणंही येतं. म्हणजे हलणं गृहीतच आहे, फक्त ते मोजायचं आहे. त्यावरचा विधी म्हणजे प्रतिक्रमण, मागे येणं: सकाळी, संध्याकाळी, पंधरवड्याला, चार महिन्यांनी आणि संवत्सरीला. पर्युषणाच्या अखेरीस पुण्या-मुंबईतले उपाश्रय त्यासाठीच भरून जातात.

अहिंसेच्या व्रताशेजारी रिव्हॉल्व्हर ठेवणं खटकतं, आणि ते खटकायलाच हवं. ही उपमा जिथे थांबते ती जागा नीट पाहण्यासारखी आहे. स्प्रिंग फार तर पात्याला जिथे बसवलं तिथे परत आणते. ती जागा बरोबर होती का, किंवा समोर कागद आहे की माणूस, याच्याशी तिला देणंघेणं नाही. क्रूर माणूसही नियमाला पक्का असू शकतो. प्रतिक्रमणात मात्र परतायची जागा आधी ठरलेली असते, कुणालाही इजा न करण्याची. पात्याचा घट्टपणा हा त्याच्या कितीतरी नंतरचा प्रश्न आहे.

नेमबाजीच्या मैदानावर तो सोडवायची एक साधी रीत आहे. दर बाराआधी पातं बोटाने डावीकडे ढकलायचं आणि सहा गोळ्या एका कागदावर मारायच्या. मग तसंच उजवीकडे ढकलून सहा दुसऱ्या कागदावर. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचे. भोकांचे पुंजके एकमेकांत मिसळले, तर पातं आहे तसं राहू द्यायचं. वेगळे पडले, तर खाचेत पत्र्याचा पातळ तुकडा घालायचा किंवा गोंदाने पातं कायमचं चिकटवायचं. मग ते त्याच एका रिव्हॉल्व्हरचं होतं, आणि नळीच्या तोंडाशी असलेली खुंटी दाबूनही सुटत नाही.