कळू शकले असते

मोटार वाहन कायद्याचे कलम १९० बहुतेकांना पीयूसीच्या दंडामुळे ठाऊक असते. धूर तपासल्याचा कागद नसेल तर दहा हजारांपर्यंत दंड, एवढीच त्याची ख्याती. पण त्या कलमाची सुरुवात धुरापासून होत नाही. इतरांना धोका होईल असा दोष असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणणाऱ्याबद्दल ते आधी बोलते. तो दोष त्याला माहीत असेल तर तो जबाबदार आहेच, पण साधी काळजी घेतली असती तर जो दोष त्याला कळू शकला असता, त्यालाही तो जबाबदार आहे. शिक्षा तशी किरकोळ. दंड दीड हजारांपर्यंत. त्याच दोषातून अपघात होऊन कुणाला इजा झाली तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार दंड किंवा दोन्ही.

शिक्षेबद्दल मला फारसे काही म्हणायचे नाही. पण कायद्याने इथे ‘मला माहीत नव्हते’ या आपल्या लाडक्या बचावाची वाटच बंद केली आहे, आणि ती नैतिकदृष्ट्या बरोबर जागी बंद केली आहे. एरवी आपण अज्ञानाला निष्पाप मानतो. जाणूनबुजून केले नाही ना, मग सोडून द्या. गाडीच्या बाबतीत मात्र अज्ञान बऱ्याचदा आपोआप आलेले नसते. ते आपण सांभाळून ठेवलेले असते.

विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्याची सुरुवात एका जहाजमालकाच्या गोष्टीने होते. देशांतराला निघालेल्या कुटुंबांना घेऊन त्याचे जहाज समुद्रात जाणार आहे. जहाज जुने, मुळातच फारसे मजबूत नाही, वरचेवर दुरुस्त केलेले. हे पुन्हा नीट तपासून घ्यावे का, अशी शंका मालकाच्या मनात येते. खर्चाचा विचार येतो. मग तो स्वतःची समजूत घालायला लागतो. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळे झाली, सुखरूप परत आलेच ना? शिवाय देव आहे, एवढ्या बायकापोरांची काळजी तो घेईलच. बांधणाऱ्या कारागिरांवर संशय घेणे बरे नव्हे. हळूहळू त्याची खरोखरच खात्री पटते. तो किनाऱ्यावर उभा राहून मनापासून शुभेच्छा देतो, जहाज भर समुद्रात बुडते आणि तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्डचा निवाडा असा, की मालक त्या मृत्यूंना जबाबदार आहे. त्याचा विश्वास प्रामाणिक होता हे खरे, पण समोर असलेल्या पुराव्यावर तसा विश्वास ठेवण्याचा अधिकारच त्याला नव्हता. तो विश्वास तपासणीतून आलेला नव्हता, शंका दाबून आलेला होता. पुढे जाऊन क्लिफर्ड म्हणतो की समजा जहाज बुडले नसते, सुखरूप पोचले असते, तरीही मालकाचा दोष रतीभर कमी होत नाही. फक्त तो उघडकीला येत नाही. हे उदाहरण त्याला नुसत्या पुस्तकातून सुचले असेल असे मला वाटत नाही. १८७० च्या डिसेंबरातले सूर्यग्रहण पाहायला निघालेल्या मोहिमेत असताना सिसिलीच्या किनाऱ्याजवळ त्याचे स्वतःचे जहाज फुटले होते आणि तो वाचला होता.

‘इतकी वर्षे चालवतोय, काही झाले नाही’ हे वाक्य आपल्याकडे कुठल्याही पार्किंगमध्ये ऐकायला मिळते. ते खोटे नसते, म्हणूनच घातक असते. गाडीतले जे दोष माणसे मारतात त्यांचा स्वभावच असा, की रोजच्या वापरात ते तोंड दाखवत नाहीत.

टायरचेच पाहा. मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. त्या १.६ मिलिमीटरवर आल्या की टायर बदलायचा, हा नियम. त्यासाठी मोजपट्टीही लागत नाही. खाचांच्या तळाशी मुद्दाम छोटे उंचवटे ठेवलेले असतात, टायर घासत घासत त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. आता गंमत अशी की कोरड्या डांबरावर गुळगुळीत टायरही रस्ता बऱ्यापैकी धरून ठेवतो. खाचांचे मुख्य काम चाकाखालचे पाणी बाजूला सारण्याचे आहे. म्हणजे ऑक्टोबर ते मे गुळगुळीत टायर मालकाला रोज सांगत राहतो की सगळे ठीक आहे. पहिल्या मोठ्या पावसात, साचलेल्या पाण्यावर, वेगात असताना चाक रस्ता सोडून पाण्याच्या थरावर चढते आणि हातातले स्टिअरिंग एकदम हलके लागते. आठ महिन्यांचा अनुभव त्या क्षणी काही कामाचा नसतो.

ब्रेक ऑइलचेही तेच. ते हवेतली आर्द्रता शोषत राहते. म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. पाणी शिरलेले ऑइल कमी तापमानाला उकळते. शहरात सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीचे ब्रेक तेवढे तापतच नाहीत, त्यामुळे ऑइल चार-पाच वर्षांचे असले तरी कळत नाही. ते कळते आंबेनळी किंवा आंबोलीचा घाट उतरताना, पाच माणसे आणि सामान भरलेले असताना, वळणावळणाला ब्रेक दाबून दाबून. ऑइल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पायाखाली मऊ पडते. हवा कमी असलेला टायरही गावातल्या गावात मुकाट चालतो. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात, समृद्धी महामार्गावर सलग वेगात पळवला की त्याच्या बाजूच्या भिंती सतत दुमडून तापतात आणि तो फुटतो. आपण खापर फोडतो सिमेंटच्या रस्त्यावर. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशापाशी टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या आत सोडणे बंद केले, ते उगीच नाही.

अडचणीच्या क्षणापर्यंत दोष लपून राहत असेल तर ‘काही जाणवले नाही’ हा पुरावा होऊ शकत नाही. जाणवण्याची वाट पाहायची नसते. वाकून बघायचे असते. कायद्याला अपेक्षित असलेली साधी काळजी ती हीच.

आपल्याला मात्र नशिबाची भाषा सोयीची पडते. ‘ब्रेक फेल झाला’ हे वाक्य आपण वीज पडली अशा सुरात म्हणतो. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये उतारावरून आलेल्या एका ट्रकने वाहनांची रांगच्या रांग चेचली, तेव्हाही पहिली बातमी ब्रेक निकामी झाल्याचीच आली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघाले वेगळेच: डिझेल वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून दिली होती. इंजिन बंद पडले की ब्रेकला मिळणारी मदतही जाते. तिथे वीज वगैरे पडली नव्हती. थोडे डिझेल वाचवायचे होते.

इथे एक आक्षेप रास्त आहे. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि केंद्र सरकारच्या अहवालात त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. मग टायर आणि ब्रेक ऑइलचे एवढे काय घेऊन बसलात? अतिवेग हा सर्वात मोठा गुन्हेगार आहे, यात वाद नाही. पण रकान्यात कारण एकच लिहितात, अपघाताला ते एकटे कधी नसते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर जाते. त्या वेगात चांगले टायर आणि चांगले ब्रेक असलेली गाडी जिथे थांबते, त्याच्या बरीच पुढे झिजलेली गाडी थांबते. मधल्या त्या अंतरात कोण उभे होते, एवढाच प्रश्न उरतो.

बरे, हे लोकांना कुणी सांगत नाही असेही नाही. सर्व्हिसिंगच्या बिलासोबत येणाऱ्या कागदावर लिहिलेले असते: पुढचे ब्रेक पॅड झिजले आहेत, दोन टायर बदलावेत, वायपरचे रबर गेले आहे. आपण तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो आणि म्हणतो, पुढच्या वेळी बघू. त्याच दिवशी सीट कव्हर बदलायला मात्र पैसे असतात. क्लिफर्डच्या जहाजमालकाने कारागिरांवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला होता. आपण बरोबर उलटे करून त्याच ठिकाणी पोचतो. ‘हे गॅरेजवाले लुबाडतात हो, चांगले पार्टही बदलायला लावतात.’ लुबाडणारे असतात, नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने एकदा धडधाकट वस्तू बदलून पैसे घेतले, त्याच्यामुळे पुढे कुणाचा तरी खरा इशारा थट्टेवारी जातो, आणि त्या पापाचा वाटा त्या मिस्त्रीच्या खात्यावर पडायलाच हवा. पण आपला संशय खरा की सोयीचा, हे ठरवणे अवघड नाही. खरा संशय असेल तर माणूस विचारतो: पॅड किती मिलिमीटर उरलाय? काढलेला पार्ट दाखवा. नाहीतर दुसऱ्या गॅरेजात नेऊन दाखवतो. नवा पॅड दहा-बारा मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलतात. एवढी माहिती विचारणाऱ्याला कुणी फसवत नाही. संशयाचे नाव घेऊन जो काहीच विचारत नाही, त्याला लुबाडले जाण्याची भीती नसते. त्याला खर्च टाळायचा असतो.

याच मनोवृत्तीचा टोकाचा नमुना म्हणजे सीट बेल्टच्या खाचेत अडकवायची ती बनावट क्लिप. बेल्ट न लावता बीप बंद व्हावी एवढ्यासाठी लोक ती विकत घेत होते. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली, तेव्हा अशा १३ हजारांहून अधिक नोंदी हटवाव्या लागल्या. एबीएसचा दिवा पेटला तर ‘तेवढा दिवा घालवून द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक याच जातीचे. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवण्यात मला काही वावगे वाटत नाही, कृतज्ञता चांगलीच. फक्त लिंबू ठेवायला वाकलोच आहोत, तर तेवढ्यात टायरकडेही नजर टाकायला काय हरकत आहे?

कलम १९० मध्ये आणखी एक बाब आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. दोष असलेली गाडी चालवणारा जसा जबाबदार, तसाच ती चालवायला लावणारा आणि चालवू देणारा. पगारी ड्रायव्हरने ‘साहेब, ब्रेक खाली जातोय’ म्हटल्यावर ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणणारे साहेब यात आले. मुलाला जुनी गाडी देऊन कॉलेजला पाठवणारे वडील आले. आणि नैतिक अर्थाने, कायद्याने नसेल कदाचित, पण शाळेच्या व्हॅनवाल्या काकांशी महिन्याच्या पैशांवरून घासाघीस करणारे आपण सगळे आलो. व्हॅनचे टायर कसे आहेत हे किती पालकांनी पाहिले आहे? राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. आपल्या मुलांच्या शाळेत ती आहे का, आणि कधी बसते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

खासगी मोटारीच्या मालकावर तर हा भार जास्तच आहे, कारण दुसरे कुणी बघणारे नाही. टॅक्सी-ट्रकला ठरावीक मुदतीने पासिंग असते. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षे सरकार तिचा धूर तेवढा तपासते. ब्रेक, टायर, स्टिअरिंग यांच्याकडे कुणी पाहत नाही. ब्रिटनने १९६० मध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू केली ती आधी दहा वर्षांवरच्या गाड्यांपुरती. नापास होणाऱ्या गाड्यांचे प्रमाण इतके निघाले की पुढच्याच वर्षी वयाची अट सात वर्षांवर आणली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. त्या गाड्यांच्या मालकांनाही आपली गाडी ठणठणीत आहे असेच वाटत असणार. तपासेपर्यंत सगळ्यांच्याच गाड्या ठणठणीत असतात. आपल्याकडे तशी सक्ती येईल तेव्हा येवो, आल्यावर तिच्यातही कागद विकत मिळतील अशी भीती आहेच. तोवर निरीक्षक आपणच.

येत्या रविवारी गाडी थंड असताना चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा तपासा. किती हवी ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. टायरच्या खाचांत बोट घालून पाहा. घरातल्या कुणाला तरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का ते विचारा. मग ग्लोव्ह बॉक्समधला मागच्या सर्व्हिसिंगचा कागद काढा आणि ‘पुढच्या वेळी’ म्हणून सोडलेली ओळ सापडली तर सोमवारी गॅरेजला फोन करा.